विली व्हेलास्केस

विल्यम सी. व्हेलास्केस तथा विली व्हेलास्केस (जन्म : ९ मे १९४४, ऑर्लँडो, फ्लोरिडा, मृत्यू : १५ जून १९८८, सॅन अँटोनियो, टेक्सास) हे अमेरिकेतील मेक्सिकन वंशाचे सामाजिक कार्यकर्ते आणि मतदार नोंदणी चळवळीचे संघटक होते. १९७४ मध्ये त्यांनी सॅन अँटोनियो येथे 'साऊथवेस्ट व्होटर रजिस्ट्रेशन एज्युकेशन प्रोजेक्ट' ही संस्था स्थापन केली. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील लॅटिनो नागरिकांची मतदार म्हणून नोंदणी करणे, त्यांची मते निष्प्रभ करणाऱ्या मतदारसंघ-रचनेला न्यायालयात आव्हान देणे आणि स्थानिक निवडणुकांच्या अभ्यासावर आधारलेले संघटन उभे करणे हे तिचे कार्य होते. व्हेलास्केस स्वतः कोणत्याही मोठ्या पदावर निवडून आले नाहीत. तरीही विसाव्या शतकाच्या अखेरच्या पर्वात लॅटिनो मतदारांना जे राजकीय महत्त्व प्राप्त झाले, त्याच्या जडणघडणीत त्यांचा वाटा मोठा मानला जातो.

प्रारंभिक जीवन व शिक्षण

व्हेलास्केस यांचे कुटुंब सॅन अँटोनियोचे होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांचा जन्म फ्लोरिडात झाला असला तरी त्यांचे बालपण व पुढील सर्व आयुष्य प्रामुख्याने सॅन अँटोनियोतच गेले. या शहराच्या पश्चिम भागात मेक्सिकन वंशाच्या श्रमिकांची दाट वस्ती होती. कच्चे रस्ते, पावसाळी पाण्याच्या निचऱ्याची सोय नसल्याने वारंवार येणारे पूर आणि निधीअभावी दुर्बळ राहिलेल्या शाळा ही त्या भागाची ओळख होती. व्हेलास्केस यांच्या पुढील कामात निचऱ्याची गटारे आणि डांबरी रस्ते यांसारखे विषय सतत येतात, त्याचे मूळ येथे आहे.

त्यांचे शालेय शिक्षण सेंट्रल कॅथलिक हायस्कूलमध्ये झाले. त्यानंतर त्यांनी त्याच शहरातील सेंट मेरीज विद्यापीठातून १९६६ मध्ये आंतरराष्ट्रीय संबंध या विषयाची पदवी घेतली. पुढे अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात ते दाखल झाले, परंतु चळवळीत ओढले गेल्यामुळे तो अभ्यास अपूर्ण राहिला. १९७० मध्ये त्यांचा विवाह जेन साराबिया यांच्याशी झाला. या दांपत्यास तीन अपत्ये झाली.

मताधिकाराची तत्कालीन स्थिती

व्हेलास्केस यांचे कार्य समजण्यासाठी त्या काळच्या टेक्सासमधील निवडणूक व्यवस्था ध्यानात घेणे आवश्यक आहे. अमेरिकेत तेव्हा मतदानाचा हक्क असलेल्या नागरिकाचे नाव मतदार यादीत आपोआप येत नसे. बहुतेक राज्यांत ज्याने त्याने स्वतः अर्ज करून नोंदणी करावी लागे. टेक्सासमध्ये यावर मतदान कराची भर होती. दीड डॉलरचा हा कर काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागाच्या) अधिभारासह पावणेदोन डॉलरपर्यंत जाई आणि तो ३१ जानेवारीपूर्वी भरावा लागे. नोव्हेंबरमधील निवडणुकीसाठी नऊ महिने आधी, उमेदवारही ठरलेले नसताना, शेतमजुराने किंवा रोजंदारीवरील कामगाराने पदरचे पैसे खर्चून पावती जपून ठेवावी अशी ही अपेक्षा होती. संघराज्याच्या निवडणुकांपुरता हा कर १९६४ मध्ये चोविसाव्या घटनादुरुस्तीने, तर राज्याच्या निवडणुकांपुरता १९६६ मध्ये न्यायालयीन निर्णयाने रद्द झाला. मात्र दरवर्षी नव्याने नोंदणी करण्याची अट त्यानंतरही चालू राहिली. तीही १९७१ मध्ये न्यायालयाने रद्द केली.

नोंदणी झाली तरी अडथळा संपत नसे. सॅन अँटोनियोच्या नगर परिषदेचे नऊही सदस्य संपूर्ण शहरातून निवडले जात. एखाद्या वस्तीने एकमुखाने एका उमेदवाराला मते दिली तरी उरलेल्या शहराच्या मतांपुढे ती हरत. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून 'गुड गव्हर्नमेंट लीग' या संघटनेने उभे केलेले उमेदवारच सामान्यतः निवडून येत. त्यांत मेक्सिकन वंशाची काही नावे असत, पण ती निवड लीगची असे, वस्तीची नसे. राज्य विधिमंडळाबाबतही चित्र वेगळे नव्हते. सॅन अँटोनियो ज्या बेक्सार काउंटीत आहे, तेथील सर्व विधिमंडळ प्रतिनिधी संपूर्ण काउंटीतून निवडले जात. १८८० पासूनच्या नव्वद वर्षांत त्या काउंटीतून मेक्सिकन वंशाचे अवघे पाच प्रतिनिधी विधिमंडळात गेले आणि त्यांपैकी दोघेच प्रत्यक्ष मेक्सिकन वस्तीतील होते, अशी नोंद सर्वोच्च न्यायालयाच्या १९७३ च्या एका निकालपत्रात आहे.

चळवळीत प्रवेश

जून १९६६ मध्ये मेक्सिकोच्या सीमेलगतच्या स्टार काउंटीत खरबुजाच्या शेतांवर काम करणाऱ्या मजुरांनी संप पुकारला. मजुरीत वाढ आणि संघटनेला मान्यता या त्यांच्या मागण्या होत्या. संपकऱ्यांनी रिओ ग्रँड सिटीपासून राजधानी ऑस्टिनपर्यंत उन्हाळ्यात पायी मोर्चा काढला. गव्हर्नर जॉन कॉनली यांनी त्यांना वाटेतच गाठून मागण्यांना नकार दिला. नुकतेच पदवीधर झालेले व्हेलास्केस या संपात सामील झाले आणि संपाला पाठिंबा मिळवण्याच्या कामात गुंतले. संप अखेरीस मोडला. काउंटीतील पोलीस आणि राज्याचे रेंजर्स मळेमालकांच्या बाजूने उभे राहिल्याचा अनुभव तेथील कार्यकर्त्यांना आला. शेरीफ, न्यायाधीश आणि काउंटी आयुक्त ही सर्व पदे निवडणुकीने भरली जातात, या साध्या वस्तुस्थितीचा अर्थ त्या पिढीला या संपात उमगला असे म्हणता येईल.

१९६७ मध्ये व्हेलास्केस यांनी होसे आन्हेल गुतिएरेस, मारिओ कोम्पेआन, इग्नासिओ पेरेस आणि हुआन पातलान यांच्यासह 'मेक्सिकन अमेरिकन युथ ऑर्गनायझेशन' ही तरुणांची संघटना स्थापन केली. आधीच्या पिढीतील संघटना अर्ज-विनंत्या आणि सभ्य शिष्टमंडळे यांवर भर देत. या पाच तरुणांनी मात्र निदर्शने, शाळांवरील बहिष्कार आणि थेट संघर्ष यांचा मार्ग निवडला. स्वतःला अभिमानाने 'चिकानो' म्हणवून घेणाऱ्या चळवळीचा टेक्सासमधील हा आरंभीचा टप्पा होय.

१९६८ मध्ये स्थापन झालेल्या 'मेक्सिकन अमेरिकन युनिटी कौन्सिल' या संस्थेचे व्हेलास्केस पहिले संचालक झाले. गृहबांधणी, रोजगार व वस्तीविकास हे या संस्थेचे विषय होते आणि तिला फोर्ड फाउंडेशनचे साहाय्य मिळत असे. या साहाय्यामुळेच ती वादात सापडली. सॅन अँटोनियोचे काँग्रेस सदस्य हेन्री बी. गोन्सालेस हे स्वतः मेक्सिकन वंशाचे आणि वंशभेदविरोधी लढ्यात नाव मिळवलेले नेते होते. १९६९ मध्ये त्यांनी युवक संघटनेची भाषा द्वेषमूलक असल्याचे सांगून तिच्यावर आणि तिच्याशी संबंधित संस्थांना मिळणाऱ्या निधीवर प्रतिनिधीगृहात कडाडून टीका केली. गोन्सालेस यांचा हा विरोध केवळ राजकीय ईर्षेतून होता असे मानणे अन्यायाचे ठरेल. वांशिक आधारावरील राजकारण त्यांना तत्त्वतःच अमान्य होते.

त्याच वर्षी कोम्पेआन यांनी महापौरपदाची निवडणूक लढवली. त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना पश्चिम भागातील वस्त्यांत चांगली मते मिळाली, पण मोजणी संपूर्ण शहराची असल्याने ते पराभूत झाले. या निकालातून एकाच गटातील कार्यकर्त्यांनी दोन वेगळे निष्कर्ष काढले.

सहकाऱ्यांपासून फारकत

गुतिएरेस यांचा निष्कर्ष असा होता की, दोन्ही प्रमुख पक्ष मेक्सिकन जनतेच्या उपयोगाचे नाहीत. क्रिस्टल सिटी या लहानशा शहरातील विद्यार्थ्यांच्या यशस्वी बहिष्कारानंतर १९७० मध्ये त्यांनी 'ला रासा उनिदा' हा स्वतंत्र पक्ष स्थापला. त्या पक्षाने तेथील शाळा मंडळ आणि नगर परिषद जिंकली. व्हेलास्केस यांना क्रिस्टल सिटीतील विजयाचे महत्त्व मान्य होते, परंतु तेथे मेक्सिकन वंशाचे लोक प्रचंड बहुसंख्य होते. जेथे ते निम्मे किंवा एक तृतीयांश आहेत आणि त्यांतील बहुतेकांची नावे यादीतच नाहीत, तेथे नवा पक्ष काढून काय साधणार, असा त्यांचा आक्षेप होता. ते या पक्षात गेले नाहीत. काही जुन्या सहकाऱ्यांनी त्याचा अर्थ माघार असा लावला. पुढे १९७० चे दशक संपण्याच्या सुमारास हा पक्ष टेक्सासमध्ये जवळजवळ नामशेष झाला.

१९७० ते १९७२ या काळात व्हेलास्केस यांनी ॲरिझोनातील फिनिक्स येथे 'साऊथवेस्ट कौन्सिल ऑफ ला रासा' या संस्थेसाठी काम केले. त्यानंतर ते मतदार नोंदणीच्या कामाकडे पूर्णवेळ वळले.

साऊथवेस्ट व्होटर रजिस्ट्रेशन एज्युकेशन प्रोजेक्ट

संस्थेचा नमुना त्यांच्यासमोर होता. अटलांटा येथील 'व्होटर एज्युकेशन प्रोजेक्ट' दक्षिणेतील कृष्णवर्णीय नागरिकांच्या नोंदणीसाठी १९६२ पासून अशाच स्वरूपाचे काम करीत होता. अडचण कायद्याची होती. खासगी प्रतिष्ठानांच्या पैशांतून चालणाऱ्या नोंदणी मोहिमांवर १९६९ च्या कर सुधारणा कायद्याने कडक अटी घातल्या होत्या. अशी संस्था पक्षनिरपेक्ष असावी, तिचे काम किमान पाच राज्यांत चालावे, ते एखाद्याच निवडणुकीपुरते नसावे आणि कोणत्याही एका देणगीदाराचा वाटा एक चतुर्थांशाहून अधिक नसावा, असे त्यांचे स्वरूप होते. करसवलतीची मान्यता मिळवण्यात बराच काळ गेला. ती मिळाल्यावर जुलै १९७४ मध्ये संस्था सुरू झाली. टेक्सास, न्यू मेक्सिको, कोलोरॅडो, ॲरिझोना आणि कॅलिफोर्निया ही पाच राज्ये तिचे आरंभीचे कार्यक्षेत्र होती. कायद्याने लादलेला विस्तार अशा रीतीने संस्थेच्या पथ्यावरच पडला.

कामाची पद्धत ठरलेली होती. संस्थेचे कार्यकर्ते बाहेरून येऊन नोंदणी करीत नसत. ज्या गावात मोहीम घ्यायची तेथे चर्च, कामगार संघटना, माजी सैनिकांच्या संघटना आणि महिला मंडळे यांची एक समिती आधी बनवली जाई. एरवी परस्परांशी न बोलणारे गटही या समितीत एकत्र बसावेत असा व्हेलास्केस यांचा आग्रह असे. मग समितीला थोडा निधी, प्रशिक्षण आणि त्या गावाची आकडेवारी दिली जाई. प्रौढ नागरिक किती, नोंदणी किती, मागील निवडणुकीत किती जणांनी मत दिले आणि शाळा मंडळाची जागा किती मतांच्या फरकाने गेली, हे त्यात असे. अनेक ठिकाणी हा फरक शे-दोनशे मतांचा निघे. नोंदणी न केलेल्यांची संख्या त्याच्या कितीतरी पट असे. व्याख्यानांपेक्षा ही दोन आकड्यांची तुलना लोकांना लवकर पटत असे.

मत म्हणजेच आवाज, अशा आशयाचे संस्थेचे स्पॅनिश घोषवाक्य पुढे सर्वत्र प्रसिद्ध झाले. प्रचारात मात्र मोठ्या घोषणांपेक्षा स्थानिक गाऱ्हाण्यांना स्थान असे. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीसाठी नोंदणी केलेला माणूस चार वर्षे घरी बसतो, तर रस्त्यासाठी मत दिलेला माणूस रस्ता झाला की नाही हे पाहायला पुन्हा येतो, हे त्यामागील गणित होते. म्हणून शाळा मंडळे, नगर परिषदा आणि काउंटी आयुक्त यांच्या निवडणुकांकडे व्हेलास्केस यांनी सर्वाधिक लक्ष दिले. वृत्तपत्रांना या निवडणुकांत फारसा रस नसे आणि संस्थेचे पहिल्या काही वर्षांतील काम त्यामुळे बरेचसे दुर्लक्षित राहिले.

न्यायालयीन लढे

नोंदणी वाढूनही जागा मिळत नाहीत, हे लवकरच दिसून आले. टेक्सासमधील प्रत्येक काउंटीत चार आयुक्त चार विभागांतून निवडले जातात. या विभागांच्या सीमा मेक्सिकन वस्ती दोन-तीन तुकड्यांत विभागली जाईल अशा आखलेल्या असत, किंवा एका विभागातील लोकसंख्या दुसऱ्यापेक्षा कितीतरी अधिक असे. व्हेलास्केस यांनी संस्थेत संशोधन विभाग सुरू करून काउंट्यांच्या नकाशांचा व जनगणनेच्या आकड्यांचा अभ्यास करवला. या अभ्यासाच्या आधारे 'मेक्सिकन अमेरिकन लीगल डिफेन्स अँड एज्युकेशनल फंड' या विधिसाहाय्य संस्थेच्या सहकार्याने अनेक खटले दाखल करण्यात आले. पुढे संस्थेने स्वतःचे वकीलही नेमले. काही काउंट्यांनी खटला उभा राहण्याआधीच सीमा बदलल्या.

कायदाही याच काळात बदलत होता. १९६५ चा मताधिकार कायदा मुख्यतः दक्षिणेतील कृष्णवर्णीयांना डोळ्यांसमोर ठेवून झाला होता. १९७५ मध्ये त्याची मुदत वाढवताना भाषिक अल्पसंख्याकांना त्यात संरक्षण देण्यात आले. ह्यूस्टनच्या काँग्रेस सदस्य बार्बरा जॉर्डन यांनी या विस्तारासाठी विशेष प्रयत्न केले. परिणामी अनेक ठिकाणी स्पॅनिश मतपत्रिका बंधनकारक झाल्या आणि संपूर्ण टेक्सास राज्याला निवडणूक नियमांतील कोणताही बदल अमलात आणण्यापूर्वी केंद्राची संमती घेणे भाग पडले.

या तरतुदीचा पहिला मोठा परिणाम सॅन अँटोनियोतच दिसला. शहराने हद्दवाढ करून जे नवे भाग सामावून घेतले, त्यांमुळे मेक्सिकन मतांचे प्रमाण घटते असा आक्षेप न्याय खात्याने १९७६ मध्ये घेतला. तोडगा म्हणून जानेवारी १९७७ मध्ये शहरात सार्वमत झाले आणि दहा प्रभागांतून प्रत्येकी एक सदस्य व संपूर्ण शहरातून महापौर, अशी रचना अल्प मताधिक्याने मंजूर झाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये झालेल्या निवडणुकीत मेक्सिकन वंशाचे पाच आणि कृष्णवर्णीय एक, असे सहा सदस्य अकरा जणांच्या परिषदेत निवडून आले. १९८१ मध्ये हेन्री सिस्नेरोस महापौर झाले. १८४२ मध्ये हुआन सेगीन यांनी पद सोडल्यानंतर या शहराला मेक्सिकन वंशाचा महापौर मिळण्यास सुमारे १४० वर्षे लागली होती.

या यशाचे श्रेय एकट्या व्हेलास्केस यांना देता येणार नाही. १९७४ मध्येच अर्नेस्टो कोर्तेस यांनी पश्चिम भागातील कॅथलिक पॅरिशांमधून उभ्या केलेल्या 'कॉप्स' या नागरिक संघटनेचा त्यात मोठा भाग होता. नोंदणी, वस्तीचे संघटन आणि न्यायालयीन लढा ही तीन कामे एकाच शहरात एकाच दशकात जुळून आली, हे सॅन अँटोनियोचे वैशिष्ट्य होते.

१९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका निर्णयाने या खटल्यांना धक्का बसला. निवडणूक पद्धतीचा परिणाम भेदभावाचा आहे एवढे दाखवून भागणार नाही, हेतूही सिद्ध करावा लागेल, असा त्याचा अर्थ होता. शंभर वर्षांपूर्वी सीमा आखणाऱ्यांचा हेतू सिद्ध करणे जवळजवळ अशक्य होते. १९८२ मध्ये काँग्रेसने कायद्यात दुरुस्ती करून परिणामाचा निकष आणला, आणि त्यानंतर खटल्यांचा वेग पुन्हा वाढला.

अखेरची वर्षे

१९८० च्या दशकात संस्थेला राष्ट्रीय पातळीवर ओळख मिळाली. १९८२ मध्ये टोनी अनाया न्यू मेक्सिकोच्या गव्हर्नरपदी निवडून आले, तर १९८३ मध्ये लॅटिनो अल्पसंख्य असलेल्या डेन्व्हर शहरात फेदेरिको पेन्या महापौर झाले. अध्यक्षपदाचे उमेदवार नैर्ऋत्येतील दौऱ्यांत लॅटिनो मतांचा हिशेब करू लागले. व्हेलास्केस यांनी १९८५ मध्ये संशोधनासाठी 'साऊथवेस्ट व्होटर रिसर्च इन्स्टिट्यूट' ही स्वतंत्र संस्था सुरू केली. लॅटिनो मतदारांविषयी जे बोलले जाते ते बहुधा ऐकीव असते, त्यांच्या मतांचा प्रत्यक्ष अभ्यास व्हावा, हा तिचा उद्देश होता.

१९८८ मध्ये त्यांना मूत्रपिंडाचा कर्करोग असल्याचे निदान झाले आणि त्यानंतर थोड्याच काळात, १५ जून रोजी, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी सॅन अँटोनियो येथे त्यांचे निधन झाले. त्या वर्षीची अध्यक्षपदाची निवडणूक पाच महिन्यांवर होती. त्यांच्यानंतर संस्थेची धुरा अँड्र्यू हर्नांडेझ यांनी व पुढे अंतोनिओ गोन्सालेस यांनी सांभाळली.

व्हेलास्केस यांच्या हयातीत संस्थेने सुमारे दोनशे शहरे व काउंट्यांत मिळून १,००० च्या आसपास नोंदणी मोहिमा घेतल्या. १९७४ मध्ये देशात निवडून आलेले लॅटिनो लोकप्रतिनिधी सुमारे दीड हजार होते. त्यांच्या मृत्यूच्या वेळी ही संख्या तीन हजारांच्या वर गेली होती. त्यांतील बहुतेक जण शाळा मंडळे, नगर परिषदा व काउंट्यांमधील पदांवर होते.

वारसा

लोकसंख्येच्या तुलनेत लॅटिनो मतदारांचा प्रभाव कमी का, हा प्रश्न व्हेलास्केस यांच्यानंतरही चर्चेत राहिला. लोकसंख्येतील मोठा भाग अठरा वर्षांखालील असणे, अनेकांना नागरिकत्व नसणे आणि पात्र असूनही मतदान न करणारे बरेच असणे, ही त्याची कारणे अभ्यासक देतात. यांतील तिसऱ्याच कारणावर नोंदणीची चळवळ उपाय करू शकत होती. प्यू संशोधन केंद्राच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये अमेरिकेत मतदानास पात्र लॅटिनो नागरिकांची संख्या सुमारे ३.६ कोटी होती. दुसरीकडे, व्हेलास्केस यांच्या खटल्यांना बळ देणारी केंद्राच्या पूर्वसंमतीची व्यवस्था सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निर्णयामुळे प्रत्यक्षात बंद पडली.

या मतांचा कल एकाच पक्षाकडे राहील, हे गृहीतही टिकले नाही. ज्या स्टार काउंटीतील संपात व्हेलास्केस यांच्या सार्वजनिक जीवनाची सुरुवात झाली, त्या जवळपास पूर्णपणे लॅटिनो काउंटीने २०२४ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या उमेदवाराला बहुमत दिले. असे १८९२ नंतर प्रथमच घडले. व्हेलास्केस यांचे अनेक सहकारी डेमोक्रॅटिक विचारांचे होते आणि संस्थेच्या कामाचा लाभ दीर्घकाळ त्याच पक्षाला झाला, तरी पक्षनिरपेक्षतेची अट त्यांनी पाळली होती.

१९९५ मध्ये राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी व्हेलास्केस यांना 'प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम' हा सर्वोच्च नागरी सन्मान मरणोत्तर प्रदान केला. त्यांनी स्थापलेल्या संशोधन संस्थेला १९९७ मध्ये 'विल्यम सी. व्हेलास्केस इन्स्टिट्यूट' असे नाव देण्यात आले. हुआन सेपुल्वेडा यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र २००३ मध्ये प्रकाशित झाले, तर एक्तोर गालान यांनी दिग्दर्शित केलेला त्यांच्यावरील माहितीपट २०१६ मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर प्रसारित झाला.